कवठेमहांकाळमधला 'ळ' का तुटतो? (स्ट्रएनकॉपी)

प्रश्न (सांगली):
हळदीच्या अडत दुकानासाठी मी सी भाषेत शेतकऱ्यांची नोंदवही तयार करत आहे. प्रत्येक नोंदीच्या स्ट्रक्चरमध्ये (माहिती एकत्र ठेवण्याच्या साच्यात) तालुक्यासाठी ३२ बाइटची सलग जागा, म्हणजे अ‍ॅरे असून त्याला लागूनच गावाचा अ‍ॅरे आहे. नावे स्ट्रएनकॉपीने (दिलेल्या मर्यादेपर्यंत मजकूर उतरवणारे फंक्शन) भरतो आणि मर्यादा ३२ देतो. मिरज, जत, वाळवा व्यवस्थित छापले जातात. मात्र कवठेमहांकाळ आले की 'कवठेमहांका', पुढे एक चौकोन आणि त्याला चिकटून 'देशिंग' हे गावाचे नाव उमटते. मर्यादा दिलेली असताना असे का व्हावे?

उत्तर:
यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, ३ बाइट घेते. कवठेमहांकाळमध्ये अशी ११ चिन्हे, म्हणजे ३३ बाइट आहेत, आणि मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट धरून ३४ लागतात. स्ट्रएनकॉपीने ३२ उचलले, त्यांत 'ळ'चे दोनच आले आणि शून्याला जागा उरली नाही. म्हणून छापणारे प्रिंटएफ शून्य शोधत शेजारच्या गावात शिरले. जुन्या युनिक्समध्ये फाइलचे नाव १४ बाइटच्या ठरावीक रकान्यात ठेवत. तसला रकाना भरण्यासाठीच हे फंक्शन शोभते. त्याऐवजी आपण एसएनप्रिंटएफ हे फंक्शन वापरावे. ते शून्य लावतेच, शिवाय पूर्ण नावाला (शून्य सोडून) किती बाइट लागले असते तो आकडा परत देते. येथे ३३ मिळेल. अ‍ॅरेचा आकार ३२, म्हणजे नाव मावले नाही.

उत्तर (सातारा):
हे बरोबर आहे, पण तो आकडा तपासला नाही तर 'ळ'चा एक बाइट तरीही लोंबकळत राहील. ज्याचे वरचे दोन बिट १० आहेत असे (म्हणजे चिन्हाच्या सुरुवातीचे नसलेले) बाइट ओलांडत मागे जाऊन चिन्हाच्या सुरुवातीला कापता येते, परंतु 'कवठेमहांका' नावाचा तालुका नाही. माझ्या मते आपल्या फंक्शनने नाव कापूच नये, अपयश कळवावे. त्याला अ‍ॅरेचा आकार वेगळा पाठवा. कारण फंक्शनच्या आत आकार मोजणारे साइझऑफ पॉइंटरचा (नुसत्या पत्त्याचा) आकार सांगते, ६४ बिटच्या यंत्रावर बहुधा ८.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. अ‍ॅरे ६४ बाइटचा केला आणि नाव पूर्ण उमटले, परंतु जुनी फाइल उघडल्यावर पहिल्या नोंदीतल्या गावापासूनच सगळा गोंधळ दिसतो.

उत्तर (सातारा):
नोंदी एफराइटने (बाइट थेट फाइलमध्ये लिहिणारे फंक्शन) जशाच्या तशा लिहिल्या असणार. स्ट्रक्चरचा आकार वाढल्यामुळे पहिल्या तालुक्यानंतरचे सगळे आता चुकीच्या जागेवरून वाचले जाते. जुने स्ट्रक्चर वेगळ्या नावाने ठेवून एक छोटा प्रोग्राम लिहा, जुन्या आकाराने वाचा, नव्या आकाराने दुसऱ्या फाइलमध्ये लिहा. कवठेमहांकाळच्या नोंदी मात्र हाताने दुरुस्त कराव्या लागतील, कारण 'ळ'चा तिसरा बाइट त्या फाइलमध्ये कधी गेलाच नव्हता.