न्हाणीघराच्या जुन्या फरशीवर स्वयंचिकट व्हिनाइल टाइल्स टिकतील का? मदत हवी आहे

नमस्कार.

आमचे घर वेंगुर्ले तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. भिंती चिऱ्याच्या, छप्पर कौलारू, आणि न्हाणीघर मागाहून काढलेल्या पडवीत, विहिरीच्या अंगाला. आतून माप ६ फूट बाय ५ फूट. दाराकडचा दोन फुटांचा पट्टा वॉशबेसिनचा, उरलेल्या चार फुटांत आंघोळ. मध्ये ना उंबरा ना आडोसा. फरशी सुमारे ३० वर्षांपूर्वीची, आठ इंची, त्या काळी हौसेने आणलेली चकचकीत टाइल आहे. आता तिच्या सांध्यांतला व्हाइट सिमेंट जागोजागी निघून गेला आहे आणि बंबाजवळच्या तीन टाइल्स टिचकी मारली की पोकळ वाजतात. आई ७६ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात साबणाच्या पाण्यावरून तिचा पाय सरकला. बादलीची कडी हाताला लागली म्हणून निभावले.

गवंड्याचे म्हणणे, सगळे फोडून खालपासून नवे करा. ते बरोबर असेलही, पण घरात न्हाणीघर एकच, पाऊस चालू, गणपती तोंडावर आणि चाकरमानी मंडळी येणार. फोडकाम, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून तपासणी, मग फरशी आणि तिचे वाळणे, असे किमान बारा दिवस तो सांगतो आणि त्याच्या दिवसांचा आमच्या दिवसांशी मेळ बसत नाही, हा अनुभव जुना आहे.

म्हणून मागचा कागद सोलून चिकटवायच्या व्हिनाइल टाइल्सचा विचार केला. एक फूट बाय एक फुटाची, २ मिलिमीटर जाडीची, खडबडीत पृष्ठभागाची टाइल मिळते. क्षेत्रफळ ३० चौरस फूट, कापाकापीसाठी दहा टक्के अधिक धरून ३३ टाइल्स लागतील. सगळ्या एकदम घेण्याआधी दहांचे एक पुडके मागवले आणि नमुन्यादाखल एक टाइल आंघोळीच्या जागी लावून पाहिली. जमीन सोड्याने घासली, दोन दिवस न्हाणीघर बंद ठेवून पंख्याने वाळवली, टाइल चिकटवून वरून लाटणे फिरवले आणि पुढचा आख्खा दिवस तिच्यावर पाणी पडू दिले नाही. (आंघोळीसाठी सगळ्यांना शेजारी पाठवले, हे वेगळे सांगायला नको.)

पहिले पाच दिवस ती घट्ट होती. सहाव्या दिवशी बंबाच्या बाजूचा कोपरा नखभर उचललेला दिसला आणि आठव्या दिवशी आईनेच सांगितले की पायाच्या अंगठ्याला धार लागते आहे. मी टाइल उचलली, तर मध्यभाग अजून चांगला चिकटलेला होता. पण कडेपासून दोन बोटे आतपर्यंत डिंक पांढुरका, बुळबुळीत झाला होता आणि त्यात करड्या रंगाचे साबणाचे पाणी साचून त्याला ओल्या फडक्यासारखा वास येत होता. ज्या फरशीवर आई घसरेल म्हणून हा खटाटोप, त्याच फरशीवर तिला अडखळायला एक कड मीच तयार करून ठेवली, असे वाटले.

माझ्या तयारीत काही उणे राहिले, की मुळात हा पदार्थच आपल्या न्हाणीघरासाठी नाही? सांध्यांच्या खाचा आधी भरून, प्रायमर मारून लावल्यास फरक पडेल का? आणि आंघोळीची जागा सोडून फक्त वॉशबेसिनच्या पट्ट्यात लावल्या, तर टिकतील का? ज्यांनी किनारपट्टीवरच्या घरात हे प्रत्यक्ष करून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी रत्नागिरीकडे फरशीची कामे घेतो. ताई, तुमच्या तयारीत मोठी चूक नाही. खाचा भरायला हव्या होत्या, कारण पातळ व्हिनाइल खालची प्रत्येक खाच वर दाखवते आणि त्या पोकळीतून पाणी फिरते. प्रायमरनेही पकड वाढते. परंतु मुख्य कारण निराळे आहे. व्हिनाइलला पाण्याने काही होत नाही. होते ते डिंकाला, आणि पाणी त्याच्यापर्यंत सांध्यातून पोहोचते. हा माल ज्या देशांतून आला, तिथे आंघोळ टबात किंवा काचेच्या कप्प्यात होते आणि बाकीची जमीन कोरडी असते. आपण तांब्याने अंगावर घेतो आणि सगळे पाणी जमिनीवरून जाळीकडे जाते, त्यात तुमच्याकडे ते बंबाचे गरम. (नळकामाच्या इंग्रजीत त्या जाळीखालच्या भांड्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, शब्द आपलाच आहे.) आंघोळीच्या जागी या टाइल्स लावूच नका.

वॉशबेसिनच्या पट्ट्याचे उत्तर तुमची जमीन देईल. दीड फूट बाय दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, सांधा मधोमध येईल असा अंथरून चारही कडा टेपने बंद करा आणि किमान १६ तास ठेवा. सांधा मधोमध हवा, कारण चकचकीत टाइलमधून ओल वर येत नाही, सांध्यातून येते. थेंब प्लास्टिकच्या वरच्या अंगाला दिसले तर तो हवेतला दमटपणा. खालच्या अंगाला दिसले तर पाणी जमिनीतून चढते आहे, आणि मग कोणताही डिंक फार दिवस धरणार नाही.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. मात्र फोडणे आणि चिकटवणे याखेरीज तिसरा मार्गही आहे. जुन्या टाइलवरच, पॉलिमरयुक्त टाइल अ‍ॅडहेसिव्हने, न घसरणारी मॅट सिरॅमिक टाइल बसवता येते. आमच्या देवगडच्या घरी तसे केले आहे. पोकळ वाजणाऱ्या टाइल्स आधी काढून ती जागा भरून घ्यावी लागते, कारण खालचीच सुटलेली असेल तर वरची कशाच्या जोरावर राहणार? जमीन १० ते १२ मिलिमीटर वर येते, म्हणून दार खालून तासावे लागेल आणि जाळीही वर उचलून घ्यावी लागेल. उतार ८० ला १ या प्रमाणात, म्हणजे तुमच्या चार फुटांत साधारण १५ मिलिमीटर मिळतो आहे का, हे काम सुरू होण्यापूर्वी पाणी ओतून पाहा. नंतर गवंडी ऐकत नाही. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरून घ्या, कारण त्यात पाणी मुरत नाही. मात्र खालून ओल चढत असेल, तर हा मार्गही सोडून गवंड्याचेच ऐकावे लागेल.

तोपर्यंत आईंसाठी छिद्रांची रबरी चटई आणा आणि ती रोज उचलून उभी वाळवा, नाहीतर पावसाळ्यात चार दिवसांत तिच्याखाली शेवाळ धरते. भिंतीला धरायची दांडी मात्र आजच बसवा. ती नुसत्या प्लगवर ठोकू नका. चिरा भुसभुशीत असतो, भोक मोठे करून सिमेंटमध्ये बसवून घ्या.

धागाकर्तीची पुरवणी

दोघांचेही मनापासून आभार. प्लास्टिकचे दोन तुकडे लावून शनिवारी संध्याकाळपासून रविवारी दुपारपर्यंत ठेवले. आंघोळीच्या जागी खालच्या अंगाला टपोरे थेंब होते, ते अपेक्षितच होते. दाराकडचा तुकडा मध्यभागी कोरडा निघाला, पण विहिरीकडच्या भिंतीलगत चार बोटे रुंदीची वाफ धरली होती, आणि त्याच भिंतीला खाली लोणा फुटलेला आहे, हे इतकी वर्षे डोळ्यांसमोर असून मी पाहिले नव्हते. त्यामुळे व्हिनाइलचा विचार सोडला आहे. दांडी बसवून झाली, चटई आली, आणि गवंड्याला दिवाळीनंतरचा वायदा घेऊन फोडकामाचेच सांगितले आहे. विहिरीकडची भिंत आधी पाहायची, या अटीवर. पुडक्यातल्या उरलेल्या नऊ टाइल्स स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या फळ्यांवर लावल्या. तिथे त्या अगदी घट्ट बसल्या आहेत.