विषय: लाइपझिगहून बर्लिन – स्वस्त रेल्वेप्रवास आणि शनिवारची रात्र

सप्रेम नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त मी नुकतीच लाइपझिगला आले आहे. पुढच्या महिन्यात पुण्याहून माझे दोन मावसभाऊ येत असून त्यांना बर्लिनमधले क्लब पाहायचे आहेत. मात्र आयसीई या वेगवान गाडीचे ऐनवेळचे भाडे आणि रात्रीची टॅक्सी हे दोन्ही खर्च त्यांना परवडणारे नाहीत. माझ्याकडे डॉइचलांडटिकेट (देशभरातील प्रादेशिक गाड्या आणि शहरी वाहतुकीचा मासिक पास) आहे, त्यांच्याकडे नाही. प्रादेशिक गाड्यांनी हा बेत जमेल का, आणि गर्दी टाळण्यासाठी मधला वार निवडावा का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
एक नवी सभासद

*

नमस्कार ताई,

बेत उत्तम जमेल, पण मधला वार निवडू नका. बर्लिनमध्ये शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री भुयारी रेल्वे आणि एस-बान (शहरी लोकल गाड्या) रात्रभर चालतात. इतर दिवशी भुयारी रेल्वे एकच्या सुमारास थांबते आणि तिच्या जागी रात्रीच्या बसगाड्या धावतात. क्लबमध्ये खरी वर्दळ सुरू होते तीच मुळी रात्री एकनंतर. म्हणजे मधल्या वारी गेल्यास परतीची चिंता नेमकी रंग चढतानाच सुरू होते, तर शनिवारी टॅक्सीची गरजच पडत नाही आणि मुक्कामही मध्यवस्तीपासून दूर, स्वस्त जागी करता येतो.

आता तिकिटाचे पाहू. तुमचे तिकीट तुमच्याच नावाचे असल्याने ते भावांना वापरायला देता येणार नाही. २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झालेले हे तिकीट जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना मिळते. भाऊ महिनाभर राहून इतरत्रही फिरणार असतील, तर त्यांनीही तेच घ्यावे. फक्त ते मासिक वर्गणीचे असल्याने त्याच महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करण्यास विसरू नये, अन्यथा पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. थोडेच दिवस राहणार असतील, तर ‘क्वेअर-डुर्शस-लांड’ तिकीट पाहावे. ते देशभरातील प्रादेशिक गाड्यांना एका दिवसापुरते चालते आणि त्यावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो. मात्र त्याची मुदत दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला संपते, त्यामुळे रविवारच्या परतीसाठी वेगळे काढावे लागेल. शिवाय ते बर्लिनच्या एस-बानमध्ये चालते, भुयारी रेल्वेत चालत नाही. पाहुणे फसतात ते इथेच, आणि विनातिकीट प्रवासाचा दंड ६० युरो आहे. शहरातील कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा. शिक्का नसलेले तिकीट तपासनीस ग्राह्य धरत नाहीत.

आयसीईने सव्वा तास लागतो, प्रादेशिक गाड्यांनी अडीच-तीन तास. पण विटेनबर्गला गाडी बदलायची असल्याने दुपारी तिथेच दोन-तीन तास उतरावे असे मी आग्रहाने सांगेन. १५१७ मध्ये ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे प्रबंध जिच्या दाराशी जोडले जातात ती चर्चची इमारत तिथे आहे, आणि या तिकिटांवर मध्ये उतरण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. रविवारी निघण्यापूर्वी गाड्यांचे वेळापत्रक ॲपवर पुन्हा पाहावे, कारण रुळांची कामे बहुधा शनिवार-रविवारीच काढतात आणि मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस देतात.

क्लबविषयी एक विनंती. १९४९ मध्ये पश्चिम बर्लिनने रात्री मद्यगृहे ठरावीक वेळेला बंद करण्याची सक्ती उठवली, बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्वेकडील ओस पडलेल्या इमारतींत टेक्नो हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत रुजले, आणि मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीघरात सुरू झालेला ‘ट्रेझोर’ आज क्योपेनिकर श्ट्रासेवरच्या जुन्या वीजघरात आहे. इथे माणसे संगीत ऐकायला येतात, म्हणून त्या रात्री कोण वाजवणार आहे हे आधी पाहून जावे, रांगेत घोळक्याने गोंगाट करू नये आणि रोख पैसे जवळ ठेवावेत. बऱ्याच ठिकाणी दारातच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. ती काढू नये. प्रवेश नाकारला तर वाद न घालता दुसरीकडे जावे. वाढत्या भाड्यांमुळे अशा जागा कमी होत आहेत. श्प्रे नदीकाठचा ‘वॉटरगेट’ २०२४ अखेरीस बंद झाला, याचे मला मनापासून दुःख आहे. म्हणून भावांना हे आताच दाखवा.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद

*

नमस्कार,

काकांनी लिहिलेले सर्व योग्यच आहे. क्लबमध्ये ज्यांना रस नाही, त्यांच्यासाठी थोडी भर घालते, कारण यंदा अनेकांचे आईवडील इथे येणार आहेत. राइश्टागचा, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीचा, काचेचा घुमट मध्यरात्रीपर्यंत खुला असतो, शेवटचा प्रवेश रात्री पावणेदहाला मिळतो आणि शुल्क काहीच नाही. संधिप्रकाशात वर चढून दिवे लागताना शहर पाहावे; उतार सलग असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनाही सावकाश चढता येतो. बर्लिनमध्ये १९९७ पासून ‘संग्रहालयांची दीर्घ रात्र’ही भरते. हल्ली ती ऑगस्टअखेरीस असते, एकाच तिकिटावर मध्यरात्रीनंतरही संग्रहालये पाहता येतात, आणि ती शनिवारीच असल्याने परतीच्या गाड्यांची अडचण येत नाही.

घुमटासाठी प्रत्येकाचे नाव आणि जन्मतारीख देऊन संसदेच्या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करावी लागते. दारात ओळखपत्र तपासतात, त्यामुळे पाहुण्यांनी मूळ पासपोर्ट बरोबर ठेवावा.

आपली,
सांस्कृतिक समितीची एक सदस्य