क्योटो, हनिमून आणि सकाळचा फॉरवर्ड

बी-४०२ (काका): सकाळचा तो फॉरवर्ड कृपया पुढे पाठवू नका. म्हणे अमेरिकेचा युद्धमंत्री स्टिमसन हनिमूनला जपानच्या क्योटोत होता, म्हणून ते शहर अणुबाँबपासून वाचलं. त्याचं लग्न १८९३ चं, बायकोला घेऊन क्योटोला गेला १९२६ मध्ये. ३३ वर्षांनी कसला हनिमून 😄

ए-१०१: पण काका, क्योटो बाँबच्या लक्ष्यांच्या यादीतून त्यानेच काढलं ना?

काका: त्यानेच. १०-११ मे १९४५ ला लॉस अलामॉसच्या अणुबाँब प्रयोगशाळेत, तिचा प्रमुख ओपेनहायमरच्या ऑफिसात, बाँब कुठे टाकायचा हे ठरवणारी लक्ष्य समिती बसली. शहरांना पसंतीचे दर्जे दिले: क्योटो, हिरोशिमा ‘डबल ए’ (सर्वांत वरचा), योकोहामा, कोकुरा ‘ए’, निईगाता ‘बी’. अणुबाँब प्रकल्पाचा प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज क्योटोच हवं म्हणून अडून बसला होता. स्टिमसनचं म्हणणं, ते शहर उडवलं तर जपानी माणूस कधी विसरणार नाही आणि उद्या रशियाकडे झुकेल. जुलैत राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने स्टिमसनच्या म्हणण्याला मान डोलावली.

सी-२०३ (ताई): निकषही सांगा की. शहराचा व्यास ३ मैलांहून जास्त, स्फोटाच्या दाबाने भरपूर पडझड होईल असं, आणि ऑगस्टपर्यंत शाबूत राहील असं. हे शेवटचंच अवघड, कारण हवाई दल आगबाँबनी एकेक शहर जाळत सुटलं होतं. योकोहामा २९ मेला जळालं. मग उरलेली शहरं राखून ठेवायला सांगावं लागलं!
हिरोशिमात लष्करी डेपो आणि बंदर. शेजारच्या टेकड्यांमुळे दाब एकवटेल असा समितीचा हिशोब. नद्यांमुळे आगबाँबसाठी मात्र ते सोयीचं नव्हतं.

ए-१०१: मेच्या यादीत नागासाकी नाहीच की!

ताई: क्योटो गेलं आणि ते आलं. २५ जुलैचा आदेश: साधारण ३ ऑगस्टनंतर, डोळ्यांनी नेम धरता येईल असं हवामान मिळताच हिरोशिमा, कोकुरा, निईगाता, नागासाकी यांपैकी एकावर.

काका: सगळी मेख त्या ‘डोळ्यांनी’मध्ये. तेव्हाच्या रडारवर नेमाचा भरवसा नव्हता. ९ ऑगस्टला बाँब घेऊन गेलेल्या विमानाने कोकुरावर ३ फेऱ्या मारल्या, खाली धूर आणि धुरकं. त्यात पंप बिघडल्याने राखीव टाकीतलं सुमारे ६०० गॅलन इंधन अडकलेलं. मग विमान नागासाकीकडे वळलं, तिथेही ढगच. ११:०२ ला बाँब फुटला तो तिथल्या उराकामी खोऱ्यावर, ठरल्या जागेपासून सुमारे ३ किलोमीटरवर.

ताई: आणि इथे टेकड्यांनी उलटं काम केलं. बाँब हिरोशिमाच्या बाँबपेक्षा जोरदार, तरी शहराचा बराच भाग डोंगराआड राहिला.

ए-१०१: फॉरवर्ड डिलीट केला 🙏