किल्ला तडकतो तो मातीमुळे

बरेच जण विचारतात की दिवाळीतला मातीचा किल्ला दुसऱ्याच दिवशी का तडकतो आणि त्यावर टाकलेलं अळीव का उगवत नाही. दोन्हीचं मूळ माती आणि पाण्यात आहे.

बेळगाव-खानापूरकडची तांबडी माती चाळून घ्या. तीन घमेली मातीला एक घमेलं बारीक चिरलेलं भाताचं पिंजर (पेंढा) घाला, तेच माती धरून ठेवतं. सौंदत्ती-गोकाककडची काळी माती नुसती वापरू नका. वाळताना ती फार आकसते. आत दगड-विटा रचून वर गोणपाट चिखलात बुडवून अंथरा. सगळा डोंगर मातीचाच केला तर आतला ओलावा दिवसेंदिवस सुटत राहतो आणि बुरूज खचतात.

अळीव वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी टाका. भिजवून टाकलं तर बी बुळबुळीत होऊन गोळे होतात, म्हणून कोरडंच भुरभुरा आणि वर माती घालू नका. तांब्यानं पाणी ओतलं की बी उतारावरून वाहून पायथ्याशी जमतं. सकाळ-संध्याकाळ फक्त फवारा मारा. परतीच्या पावसासाठी प्लास्टिक हाताशी हवं, पण दिवसभर झाकून ठेवलं तर बुरशी येते.

आणि मुलांना आधी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड दाखवाच. तटाचं वळण चित्रावरून कळत नाही.