मदत हवी आहे: वेस्टपोर्टहून सायकलची दिवसभराची फेरी, परतीचा रस्ता कोणता?

आयर्लंडच्या मेयो काउंटीत, वेस्टपोर्टमध्ये राहतो. मे महिन्यात एका शनिवारी बायको आणि मी लुईसबर्ग, डू लॉक दरी, लीनान अशी फेरी करायची म्हणतोय. अंदाजे ८५ किमी. वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून सकाळी ताज्या पायांनी लुईसबर्ग गाठायचं, परतीला वारा पाठीशी.

अचिल बेटाकडे जाणारा ग्रीनवे (गाड्यांविना सायकलमार्ग) दोनदा झालाय, तो सुचवू नका. लुईसबर्गपर्यंतही जाऊन आलोय, छान आहे.

अडचण लीनानहून परतताना. एन५९ या मुख्य रस्त्यावर गाड्या सुसाट, कडेला जागा नाही. एकदा ट्रकचा आरसा कोपराजवळून गेला, तेव्हापासून बायको त्या रस्त्यावर यायला तयार नाही आणि तिचं बरोबर आहे. म्हणून डू लॉक तळ्याच्या उत्तर टोकाशीच वळून शीफ्री खिंडीतून ड्रमिनमार्गे परतावं असं वाटतं. लीनान हुकलं तरी चालेल.

सायकली रोड, टायर २८ मिमी, वेग ताशी १८. इकडच्या आडरस्त्यांवर मधोमध गवत आणि शेवाळ असतं, ओल्यात चाक घसरतं.

खिंडीतला उतार या टायरांवर सुरक्षित आहे का? आणि लुईसबर्गनंतर पाणी कुठे भरता येईल?