अर्ध्या प्लॉटवर मुरूम, अर्ध्यावर काळी माती: माती तपासणी नकाशा मंजुरीआधी की नंतर?

प्रश्न

तळमजला अधिक एक मजला असं घर आहे. चाचणी खड्ड्यात प्लॉटच्या पुढच्या बाजूला ३.५ फुटांवर कडक मुरूम लागला, मागे मात्र ९ फुटांपर्यंत काळी माती आहे. कंत्राटदार म्हणतात, सगळीकडे ५ फूट खणून एकसारख्या फुटिंग (कॉलमखालचे काँक्रीटचे पाये) घालू. नकाशा अजून मंजुरीला दिलेला नाही. ५ फूट पुरतील का? आणि माती तपासणी मंजुरीनंतर केली तर चालेल का?

उत्तर १

सगळीकडे ५ फूट अजिबात नको. खोली सारखी असून उपयोग नाही, थर सारखा हवा. ५ फुटांवर पुढच्या फुटिंग मुरमावर बसतील आणि मागच्या मातीवर. मुरूम जवळजवळ हलत नाही. काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. घराचा मागचा भाग दरवर्षी वरखाली होणार आणि दोन थर जिथे भेटतात तिथल्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जाणार. गिलावा कितीही वेळा केला तरी तो परत उघडतो.

मागचे खड्डे मुरमात फूटभर आत न्या. फुटिंग इतकी खाली नको असेल तर मुरमापासून तिच्या तळापर्यंत कमी सिमेंटचं काँक्रीट भरा. खणलेली माती तिथे परत टाकायची नाही, जोत्यातही नाही. शेजारच्या दोन फुटिंगच्या तळकडा जोडणारी रेषा २ आडव्याला १ उभ्यापेक्षा तीव्र नसावी. तुमच्याकडे फरक साधारण ५.५ फूट, म्हणजे कडांमध्ये ११ फूट आडवं अंतर हवं. कॉलम त्याहून जवळ असतील तर मधल्या फुटिंग पायरी-पायरीने उतरवा.

मुरूम फार खोल असता तर खाली फुगा असलेले अंडर-रीम पाइल (जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घातले असते: ३०० मिमीचा दांडा, फुगा त्याच्या २.५ पट म्हणजे ७५० मिमी. तिथे पाइलची डोकी जोडणारा बीम आणि माती यांच्यात निदान ८० मिमी मोकळी फट ठेवतात. बीम मातीवर टेकला की फुगणारी माती त्याला खालून उचलते.

उत्तर २

तपासणी आधी, नकाशा नंतर. हद्दीजवळच्या कॉलमची फुटिंग जमिनीखालीसुद्धा शेजारच्या प्लॉटमध्ये जाता कामा नये. माती कमजोर निघून फुटिंग मोठी करावी लागली, तर कॉलम आत सरकतो किंवा स्ट्रॅप बीमने (दोन फुटिंग जोडणाऱ्या तुळईने) आतल्या कॉलमला बांधावा लागतो. कॉलम सरकला की खोल्यांची मापं बदलतात आणि सुधारित नकाशा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो. जोतं उंच करावं लागलं तर पायऱ्या आणि रॅम्प सामासिक अंतरात (हद्द आणि घर यांच्यात सोडायच्या मोकळ्या जागेत) येतात, तिथेही नियम आडवा येतो.

बोअर (माती तपासायची खोल छिद्रं) निदान दोन घ्या, एक पुढे, एक मागे. माती किती कडक आहे ते बघायला बोअरच्या तळाशी नळी ठोकतात: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पडतो. पहिले १५ सेंमी सोडून पुढच्या ३० सेंमीला किती ठोके लागले ते मोजतात. अहवालात ठोके, भारक्षमता, भूजल पातळी आणि फुगण्याचं प्रमाण, चारही मागा.

फुगण्याची चाचणी अगदी साधी आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली १० ग्रॅम वाळकी माती एका नळकांड्यात रॉकेलमध्ये, तेवढीच दुसऱ्यात शुद्ध पाण्यात टाकून २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे १० मिली आणि पाण्यात १७ मिली दिसली तर फुगवटा ७० टक्के. ५० च्या वर असेल तर जपून.

उत्तर ३

वरच्या दोघांशी सहमत. एक राहिलं: पाणी. पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण बऱ्याच नियमावल्यांत सक्तीचं असतं, आणि जागा वाचवायला तो खड्डा भिंतीला लागून दाखवतात. काळ्या मातीत हे घातक, कारण एका कोपऱ्याची माती कायम ओली राहते. माझं मत स्पष्ट आहे: खड्डा मुरमाच्या बाजूला, पायापासून शक्य तितका लांब घ्या आणि नकाशात तिथेच दाखवा. घराभोवती मीटरभर रुंद कोबा, उतार बाहेर. सांडपाण्याचा पाइप जोत्यातून बाहेर पडतो तिथे लवचिक सांधा द्या. घट्ट चिणलेला पाइप माती हलली की तिथेच फुटतो.

प्रश्नकर्ता

मुरमापर्यंत जायचं ठरलं, बोअर नकाशाआधीच घेतो. मागचे १० फुटी खड्डे खणताना काय बघायचं?

उत्तर १

आधी माणसं. भेगाळलेली काळी माती उभ्या कापावर सूचना न देता कोसळते. बाजूंना उतार द्या किंवा फळ्यांचा आधार लावा. मातीचा ढीग काठापासून निदान ५ फूट लांब. तळ लागला की अभियंत्याला दाखवा, टेप लावून फोटो काढा आणि त्याच दिवशी १०० मिमी पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) टाका. मधे पाऊस आला तर पाणी उपसून मऊ झालेला थर कडक मुरूम लागेपर्यंत खरवडून काढा. वाढलेली खोली काँक्रीटनेच भरायची.