भांडण अभ्यासायचं की मिटवायचं?

तापीकाठ: नंदुरबारच्या भाचीला शांतता-अध्ययनात पीएचडी करायचीय. सर म्हणतात, संशोधन कर, पण मध्यस्थीच्या भानगडीत पडू नको. मला हे पटत नाही. या विषयाचा पाया घालणारे नॉर्वेचे योहान गाल्टुंग लष्करी सेवा नाकारून तुरुंगात गेले. तत्त्वज्ञ आर्ने नेस यांच्यासोबत गांधींच्या राजकीय नीतीवर लिहिलं (1955), 1959 मध्ये ओस्लोत शांतता संशोधन संस्था काढली आणि पुढे जन्मभर मध्यस्थीही केली.

बांधकरी: त्यांचंच उदाहरण उलटं जातं. ज्यूंबद्दलच्या विधानांवरून 2012 च्या सुमारास त्यांच्यावर कडक टीका झाली. मैदानात मुरलेल्या माणसाला स्वतःचं मतच सिद्धांत वाटू लागतं.
आपल्याकडचं बघा भो. 2007 ला सरकारची तंटामुक्त गाव मोहीम आली, तंटे मिटवणाऱ्या गावाला बक्षीस. आमच्या गावात तंटा मिटवणारेच अहवाल भरायचे. बक्षिसाच्या नादात बांधाचा वाद ‘सामोपचाराने मिटला’ म्हणून दोघा भावांच्या सह्या घेतल्या. नांगरटीला दोघंही अजून बांध कोरतातच. आता त्याच समितीला मोहिमेचं मूल्यमापन करायला सांगा!

तापीकाठ: दोष बक्षिसाचा आहे, अभ्यासकाचा नाही. गाल्टुंगनी 1969 मध्ये मांडलं की कुणी हात न उचलताही व्यवस्थाच माणसाला मारते. 1972 ला शहाद्यात आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली, त्याआधी तिथं वरवर शांतताच होती की! आदिवासींच्या जमिनी गेलेल्या, माणसं सालदार म्हणून राबत होती. हा तंटा कुठल्या वहीत सापडला असता? त्यासाठी त्यांच्यात बसावं लागतं.

अमळनेरकर: बसावं, पण कर्ल यांच्यासारखं. अॅडम कर्ल क्वेकर (युद्धविरोधी ख्रिस्ती पंथ) मंडळींबरोबर नायजेरिया आणि त्यातून फुटलेला बियाफ्रा यांच्या युद्धात (1967-70) दोन्ही बाजूंकडे जात, निरोप पोचवत, गाजावाजा न करता. 1973 मध्ये इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात शांतता-अध्ययनाचे पहिले प्राध्यापक झाले तेही हेच.
माझी अडचण निराळी आहे. मध्यस्थ उद्या माझ्यावर प्रबंध लिहिणार हे कळलं, तर मी त्याच्यापुढे खरं बोलेन कशाला? भाचीनं ज्या गावात मध्यस्थी केली, ते गाव प्रबंधात घेऊ नये.

बांधकरी: हे मान्य. तरी एक विचारतो, प्राध्यापकाच्या मुलाखतीत मिटवलेले तंटे कोण मोजतं? शोधनिबंध मोजतात.

तापीकाठ: तिथं मात्र बोलती बंद. आधी नेट परीक्षा निघू दे तिची, मग बघू.